एका बाणाचे चार धनी

जोडारी आला तेव्हा भाऊ मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होते आणि बाई ऐकत होत्या. निदान भाऊंना तसं वाटत होतं. बाईंची मान उशीच्या खळग्यात बसवलेली, हात चादरीवर ठेवून दिलेले आणि डोळे खिडकीकडे.

"या, या. जिन्याने दमवलं वाटतं?"

"जिन्याचं काही नाही हो काका." दोन खोकी आणि एक लोखंडी दांडा खाली ठेवून त्याने कपाळ पुसलं. "खालच्या लाँड्रीवाल्याने पायरीपायरीवर गाठोडी रचलीत. उड्या मारत यावं लागलं. या पोटाने!"

माणूस जाडजूड, हसरा, बोलायला मोकळा. इस्पितळाच्या कारखान्यात त्याचं काम असं, की ज्याचे हातपाय गेले त्याच्या अंगात अजून काय हलतंय ते शोधायचं. भुवई, अंगठा, गाल, नुसता श्वास, जे सापडेल ते. मग ते संगणकाला जोडून द्यायचं. त्याच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. तो स्वतः म्हणायचा, "मी जोडारी. हलतं ते चालत्याला जोडतो."

बाईंचे फक्त डोळे हलत होते. आणि थोडी फुंकर उरली होती.

भाऊ आणि बाई एकाच छापखान्यात नोकरीला होते. बाई टाइप करायच्या, भाऊ मुद्रितं तपासायचे. बाईंचा हात इतका जलद, की लोक दारात उभे राहून बघायचे. आणि भाऊंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. समासात लाल खुणा करून कागद परत गेला की बाई खुर्ची सरकवून उठायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आलं लालपेनाचं रक्त!" त्यातूनच ओळख वाढली आणि लग्न झालं. लग्नानंतरही ते त्यांना बाईच म्हणत राहिले आणि त्या त्यांना, चिडल्या की, लालपेन.

आजाराची पहिली खूणही कागदावरच उमटली. बाईंच्या टाइपात करंगळीकडची अक्षरं गळायला लागली. "म्हातारी झालीस," म्हणून भाऊ हसले आणि गळलेली अक्षरं लाल पेनाने भरत गेले. मग बोटं गेली, हात गेले, पाय गेले. जीभ जड व्हायला लागली तेव्हा एका दुपारी बाईंनी भाऊंना जवळ बसवून घेतलं आणि एकेक शब्द ओढून काढत सांगितलं, "पुढे जे ठरवायचं, ते मी ठरवीन. तुम्ही दुरुस्त करायचं नाही. कबूल?"

"कबूल," भाऊ म्हणाले.

त्यानंतर वाचा गेली. उरली ती डोळ्यांची खूण. भाऊ एकेक अक्षर म्हणायचे, हवं ते आलं की बाई डोळे वर करायच्या. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. पण भाऊंना धीर कुठला? दोन अक्षरं झाली की ते शब्द पुरा करून टाकायचे, तो चुकायचा आणि बाई डोळे मिटून घ्यायच्या. म्हणून तर जोडाऱ्याला बोलावलं होतं.

त्याने दांडा पलंगाला आवळला, त्यावर स्क्रीन बसवला. स्क्रीनच्या खालच्या कडेला एक काळी पट्टी चिकटवली. तिच्यात विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे लालसर ठिपके होते. ती पट्टी नजर टिपणार होती. बाईंच्या ओठांशी एक बारीक नळी आणून ठेवली. तिच्यात फुंकर घातली की बटण दाबल्यासारखं होणार होतं. पलंगाशेजारच्या टेबलावर भाऊंसाठी साधा कीबोर्ड आणि माऊस मांडला. सगळ्या वायरी एका राखाडी डबीत गेल्या. डबीवर हिरवा दिवा लागला.

"आता नीट ऐका काका. स्क्रीनवर बाण एकच आहे आणि त्याचे धनी चार. काकूंचे डोळे, काकूंची फुंकर, तुमचा कीबोर्ड, तुमचा माऊस. चौघांनी एकच चमचा धरलाय असं समजा. काकू लिहीत असल्या की तुम्ही हात मांडीवर ठेवायचा."

"आणि त्यांचं चुकलं तर?"

"चुकू द्या. त्यांच्या त्या दुरुस्त करतील. ही डबी शिकते. बाण कुणी कुठून कुठे नेला ते लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी आपणहून तिकडे नेते. दोन धन्यांनी ओढाताण केली तर तिला कळायचं नाही, ऐकायचं कुणाचं."

मग त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला. खोलीत मातकट अंधार झाला. "हा असाच ठेवायचा. ऊन आलं की पट्टीला डोळे दिसत नाहीत. चला काकू, नजर जुळवू. ठिपका जाईल तिकडे बघा."

पांढरा ठिपका कोपऱ्याकोपऱ्यातून फिरला, बाईंचे डोळे त्याच्यामागे गेले. मग अक्षरांचे चौकोन उमटले आणि बाण त्यांवर थरथरत फिरू लागला, काचेवर माशी फिरावी तसा. बाईंची फुंकर नळीत वाजायची आणि एक अक्षर खाली उतरायचं. चुकायचं, पुसलं जायचं, पुन्हा यायचं. भाऊंनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते. चहा निवून त्यावर साय धरली तेव्हा कुठे दोन शब्द झाले.

पडदा उघडा.

भाऊंना हसता हसता रडू आलं. "बघा! इतके महिने तोंड बंद आणि पहिला हुकूम पडद्याचा! नवऱ्याची विचारपूस नाही, काही नाही!"

त्यांनी उठून पडदा सारला. समोरच्या गच्चीवर लाँड्रीच्या चादरी वाळत होत्या, त्यांच्यावर आभाळाचा एक तुकडा. बाईंचे डोळे तिकडे गेले. बाण धावत स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि हलेना.

"म्हणून म्हणत होतो," जोडारी म्हणाला. "बोलायचं असेल तर अंधार सोसायला हवा, काकू. बाहेर बघायचं असेल तेव्हा उघडा, बोलायचं असेल तेव्हा बंद करा."

"नंतर उघडतो गं," भाऊ म्हणाले आणि त्यांनी पडदा परत ओढला.

पुढचे काही दिवस भाऊंनी कसेबसे हात आवरले. पण बाण एका अक्षराकडे जायचा आणि ऐन वेळी शेजारच्यावर कलायचा. फुंकर पडायची, चुकीचं अक्षर उतरायचं. उभा जन्म त्यांनी चूक दिसली की खोडली होती. डोळ्यांसमोर चूक उमटतेय आणि आपण हात मांडीवर घेऊन बसलोय, हे त्यांच्याच्याने होईना. एका सकाळी त्यांनी माऊसवर तळवा ठेवला आणि बाण जरासा ढकलला. किंचित डावीकडे, मग उजवीकडे, आणि पहिल्या बोटाने दाबलं. शब्द बरोबर झाला.

बाईंचे डोळे स्क्रीन सोडून त्यांच्याकडे वळले. बराच वेळ तिथेच राहिले.

"असू दे, असू दे," भाऊ म्हणाले. "आभार कसले मानतेस!"

मग ते रोजचंच झालं. बाई एखादं अक्षर धरायच्या, भाऊ बाणाला सरळ करायचे. दोन शब्द झाले की तिसरा कीबोर्डवरून आपण भरायचे. "कळलं, कळलं, दमू नकोस." अर्धं वाक्य तिचं, अर्धं यांचं. आणि डबी शिकत गेली. बाणाची थरथर कमी झाली. ढकलायची गरज उरली नाही. भाऊंनी हात काढून घेतला तरी तो पाण्यात सोडलेल्या माशासारखा सरळ जायचा, थांबायचा, अक्षर उतरायचं.

आणि बाई बोलायला लागल्या! आज दाढी छान झालीये, म्हणाल्या. छापखान्यातल्या शाईचा वास आठवतो, म्हणाल्या. तुम्ही माझं इतकं करता, याची मला जाणीव आहे, म्हणाल्या. भाऊंचा एकेक दिवस उजळून निघाला. ते इस्त्रीचा सदरा घालून स्क्रीनसमोर बसायला लागले. स्वयंपाकघरातून ओरडून प्रश्न विचारायचे आणि ओल्या हाताने उत्तर वाचायला धावत यायचे. पडदा उघडायची वेळ काही येईना, कारण गप्पाच थांबत नव्हत्या.

एक दिवस जेवण आटोपून भाऊ खुर्चीवर आले आणि सवयीने माऊसवर हात ठेवला. माऊस कोमट होता.

सकाळपासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. ऊन खोलीत येत नव्हतं. त्यांनी कीबोर्ड चाचपला, तो गार. टेबल गार. फक्त माऊसच्या पाठीवर, जिथे तळवा बसतो तिथे, ऊब होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यावर खुर्चीला असते तशी.

वायरीत वीज असते, तापत असेल. भाऊंनी हात सदऱ्याला पुसला आणि तो विषय मनातून काढून टाकला.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली. लांबच्या गावी नोकरीला होती, जमेल तशी यायची. आईच्या गालाला गाल लावून ती स्टुलावर बसली आणि स्क्रीनवर साठलेलं वाचत राहिली.

"कसं वाटतंय?" भाऊ कौतुकाने म्हणाले. "पूर्वीसारखी बोलते की नाही?"

मुलीने एक वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "बाबा, आई असं नाही बोलत."

"असं म्हणजे?"

"असं गुळगुळीत. आई दोन शब्दांत माणसाला गार करते. जाणीव आहे म्हणे! आईने आयुष्यात कधी कुणाला जाणीव आहे म्हटलंय? हे तुम्ही तपासून दिल्यासारखं वाटतंय."

"मग वाईट आहे का?"

"वाईट नाही हो. आईचं नाही."

भाऊंचा चेहरा उतरला. तेवढ्यात बाण हलला. दोघं बघत असताना अक्षरं भराभर उतरली. पोरगी प्रवासाने शिणली आहे. तिला आधी चहा द्या.

"बघ!" भाऊ म्हणाले.

मुलगी स्क्रीनकडे बघत नव्हती. "आई कुठे बघतेय?" तिने हळूच विचारलं.

बाईंचे डोळे बंद पडद्याच्या कडेवर होते. तिथून उजेडाची एक फट आत येत होती.

"मधूनमधून विसावा घेते ती," भाऊ म्हणाले आणि चहा ठेवायला गेले. मुलगी दुसऱ्या दिवशी परत गेली. जाताना तिने पडदा थोडा सारून ठेवला होता. ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर भाऊंनी तो ओढून घेतला.

मग बाईंचा श्वास खालावला. नळीतली फुंकर वाजेनाशी झाली. तरी अक्षरं उतरत होती. भाऊंनी जोडाऱ्याला फोन केला. "नजर थांबली की फुंकर पडली असं डबी धरून चालत असेल," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मी तसं लावलेलं आठवत नाही. पण शिकली असेल."

डॉक्टर घरी येऊन गेल्या. वयाने मोठ्या, हळू बोलणाऱ्या. भाऊंना स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी सांगितलं, आता दोनच वाटा आहेत. गळ्याला छेद देऊन श्वासाचं यंत्र जोडायचं. ते कायमचं, आणि डोळे मिटेपर्यंत अंथरूण. नाहीतर ते जोडायचं नाही, घुसमट होऊ नये म्हणून औषधं द्यायची आणि घरातच शांतपणे जाऊ द्यायचं.

"भाऊ, तुम्हाला काय हवं ते मला विचारायचं नाहीये. त्यांच्याकडून ऐकायचंय."

"तसं कबूलच केलंय मी तिला," भाऊ म्हणाले.

तिघं खोलीत बसले. भाऊंनी खुर्ची टेबलापासून लांब घेतली, हात मांडीवर ठेवले, बोटं एकमेकांत गुंफली. डॉक्टरांनी ते पाहिलं. मग पलंगाकडे वाकून त्यांनी दोन्ही वाटा सावकाश, न लपवता, बाईंना समजावून सांगितल्या आणि विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

बाण निघाला. न थरथरता, न अडखळता.

मला राहायचं आहे. यंत्र लावा. ह्यांना एकटं सोडून मला जायचं नाही.

भाऊंनी तोंडावर हात घेतला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "अगदी स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या.

दोघंही स्क्रीनकडे बघत होते. बाईंकडे कुणी पाहिलं नाही.

इस्पितळातून बाई परत आल्या त्या गळ्याला नळी आणि उशाशी यंत्र घेऊन. खोलीला आता एक लय आली. यंत्र श्वास आत ढकलायचं, थांबायचं, सोडायचं. स्पिरिटचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास भिंतींना बसला. बाईंच्या पापण्या जड झाल्या, अर्ध्यावरच राहायच्या. स्क्रीन मात्र सकाळपासून बोलत असायचा. वाक्यं लांब, रेखीव, जिथल्या तिथे थांबणारी.

भाऊंना हळूहळू ती वाक्यं आधीच माहीत असायला लागली. ते मनाशी म्हणायचे, आज अंग दुखतंय, आणि वर बघावं तर स्क्रीनवर, आज तुमचं अंग दुखत असेल. मुलीला फोन करावा असं मनात यायचं आणि तिकडे उमटायचं, तिला फोन करा. इतकी वर्षं एकत्र काढल्यावर होतं असं, ते स्वतःला समजावायचे. पण हल्ली ते खोलीत शिरताना दारात थबकायचे. आपल्याला पाहून कुणीतरी हात आवरला, असं काहीतरी वाटायचं. माऊस रोज कोमट लागायचा. त्याच्या पाठीवर तळव्याएवढी जागा झिजून चकचकीत झाली होती.

एका दुपारी भाऊ औषध घेऊन आले. बाईंच्या पापण्या पूर्ण मिटलेल्या होत्या. झोप लागली होती, चेहरा सैल पडला होता.

बाण लिहीत होता.

भाऊ औषधाची वाटी धरून उभे राहिले. आजचा दिवस बरा गेला, स्क्रीनवर उमटत होतं. ते पुढे झाले आणि पट्टी व बाईंचा चेहरा यांच्या मध्ये पाठ करून उभे राहिले. पट्टीला आता त्यांच्या सदऱ्याखेरीज काही दिसणं शक्य नव्हतं. तुम्ही समोर उभे राहिलात तरी चालेल, स्क्रीनवर आलं.

त्यांनी वाटी खाली ठेवली. माऊसची वायर डबीतून उपटली. कीबोर्डची उपटली. फुंकरीच्या नळीची उपटली.

चालेल.

शेवटी पट्टीचीही उपटली. डबीचा हिरवा दिवा तसाच होता. बाण क्षणभर थांबला. मग किंचित डावीकडे सरकला, मग उजवीकडे, आणि पुढचं अक्षर उतरलं. ती लकब भाऊंनी ओळखली. ती त्यांच्याच हाताची होती.

त्यांनी दांडा फिरवून स्क्रीनचं तोंड भिंतीकडे केलं. पलंगाच्या कडेला बसून बाईंच्या गालाला हात लावला. "बाई. ए बाई. उठ."

पापण्या अर्ध्या उघडल्या.

"जुनी खूण आठवते ना? वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. मी विचारतो, तू सांग. डॉक्टरांसमोर, मला राहायचं आहे, ते तू लिहिलंस?"

डोळे खाली गेले.

यंत्राने एक श्वास ढकलला, सोडला.

"पोरगी आली होती, तिला चहा द्या म्हणालीस. ते?"

खाली.

"शाईचा वास? माझ्या दाढीचं कौतुक?" भाऊंचा आवाज चिरकला. "त्यातलं काहीच?"

खाली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे वाहत होतं आणि ते पुसायचं भाऊंच्या ध्यानात येत नव्हतं.

"पडदा उघडा. पहिलं. ते तर तुझं होतं?"

फार वेळ लागला. मग बाईंचे डोळे, भिंग लावून पाहावं लागेल इतके, वर गेले आणि तिथेच राहिले.

डॉक्टर संध्याकाळच्या आत आल्या. भाऊंनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःलाच ते वेड्यासारखं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. त्यांनी बाईंच्या पापण्या बोटाने उचलल्या, टॉर्च फिरवला, वर बघा म्हणाल्या, खाली बघा म्हणाल्या. बुबुळं जागच्या जागी राहिली.

"दमल्यात. या आजारात शेवटी डोळ्यांचे स्नायूही सोडतात कधीकधी. तुम्ही पाहिलं ते नक्की वर-खालीच होतं?"

"मला कळत नाही का?"

"तुम्हाला झोप किती मिळते, भाऊ?" असं म्हणत त्यांनी दांडा धरून स्क्रीन पुन्हा पलंगाकडे फिरवला. भाऊ नको नको म्हणेपर्यंत बाण निघाला होता.

ह्यांचं मनावर घेऊ नका, डॉक्टर. ह्यांना फार ताण झाला आहे. मला राहायचं आहे.

डॉक्टरांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "वायरी!" भाऊ ओरडले. "वायरी बघा, मी सगळ्या काढल्यात!" डॉक्टरांनी वाकून बघितलं. वायरी डबीत होत्या. चारही, घट्ट बसवलेल्या.

"त्यांच्या तोंडून हो आल्यावर मी यंत्र काढू शकत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या त्या याच डोळ्यांनी नाही म्हणाल्या तर बोलू. जोडाऱ्याला पाठवते. एकदा सगळं तपासून घेऊ."

सकाळी जोडारी आला. यावेळी पायऱ्यांवरच्या गाठोड्यांचं काही बोलला नाही. रात्रीपासून बाईंच्या पापण्या मिटतच नव्हत्या म्हणून बुबुळं सुकू नयेत यासाठी डॉक्टरांनी पाठवलेल्या नर्सने त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवून वरून कापडी पट्टी बांधली होती.

"उघडू का?" भाऊंनी विचारलं.

"थांबा. आधी काही दिसत नाही म्हणून डबी बोंब मारते की नाही ते बघू." त्याने नजर जुळवायला लावली.

पांढरा ठिपका डाव्या कोपऱ्यात आला. थांबला. उजव्या कोपऱ्यात गेला. थांबला. खाली. मध्यात. मग स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. नजर जुळली. इतकी बिनचूक की पहिल्या दिवशीही जुळली नव्हती.

जोडारी कापसाच्या घड्यांकडे बघत राहिला. मग त्याने खाली वाकून वायरी काढायला सुरुवात केली. त्याला घाम फुटला होता. काळी पट्टी, फुंकरीची नळी, कीबोर्ड, दांडा, स्क्रीन, सगळं त्याने न गुंडाळता खोक्यांत भरलं. डबी उचलली तेव्हा तिचा दिवा विझलेला होता. माऊस त्याने रुमालात धरून उचलला.

"काका, हे मी परत कुणाला जोडणार नाही."

"डॉक्टरांना सांगाल ना? काय बघितलंत ते?"

"काय सांगू?" तो दारातूनच म्हणाला. "जुळली, एवढंच सांगता येईल मला."

जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज गेला. खोली रिकामी झाली. यंत्राचा श्वास तेवढा राहिला. टेबलावर धुळीमध्ये माऊसच्या जागी एक स्वच्छ चट्टा होता.

भाऊ पलंगाच्या कडेला बसले. आता विचारायला काही उरलं नव्हतं आणि उत्तर द्यायला बाईंकडेही काही उरलं नव्हतं. ज्याला ती हो म्हणाली नाही ते तिला दिलं होतं. आणि मागितलं होतं ते एकच. ते तरी द्यावं. डोळ्यांवरची पट्टी सोडावी, कापूस काढावा, तिचं तोंड खिडकीकडे करावं आणि पडदा सारावा. बुबुळं फिरत नसली तरी उजेड आत जाईल.

"उघडतो गं," ते म्हणाले.

उठायच्या आधी त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. किती दिवसांत ठेवला नव्हता. हात लहान झाला होता, त्यांच्या तळव्याखाली पुरा मावत होता. तो कोमट होता.

हात किंचित डावीकडे सरकला.

भाऊंना वाटलं, बाई हलल्या. मग त्यांनी खाली पाहिलं. बाईंचा हात मेलेलाच होता. त्यांचा स्वतःचा तळवा त्याला सरकवत होता. किंचित डावीकडे, मग उजवीकडे. थांबला. मग त्यांचं पहिलं बोट खाली गेलं, बाईंचं बोट दाबून वर आलं.

पुन्हा डावीकडे. थांबला. दाबलं.

भाऊंनी दुसऱ्या हाताने मनगट धरून ओढलं. मनगट हललं नाही. दाबण्या-थांबण्याचा तो क्रम बघता बघता, त्यांची इच्छा नसताना, त्यांची नजर तो वाचायला लागली. उभा जन्म वाचलं होतं. कुठे काही चुकतंय का, ते शोधत होती. काही चुकत नव्हतं.

पडद्याच्या कडेची फट हळूहळू पिवळी झाली. उठून तेवढा एक पडदा सारायचा होता. हाताचं अजून लिहून झालं नव्हतं.